नावाडी, दर्जा चार

आमच्या विद्यापीठात पगार माणसाला मिळत नाही, पदाला मिळतो. माणूस तो फक्त घरी घेऊन जातो. हे तत्त्व पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जरा चमत्कारिक वाटतं. पदवर्गीकरण कक्षात अकरा वर्षं काढल्यावर मला त्यात काहीही चमत्कारिक वाटेनासं झालं आहे. पद आधी मंजूर होतं, मग त्यात माणूस भरतात. बरणी आणि लोणचं यांचा जो संबंध, तोच हा. बरणीवर 'पपई' असं लिहिलेलं असेल आणि आत कारलं निघालं, तर चूक कारल्याची.

मानांग क्रिसांता माग्बानुआ कुलसचिव कार्यालयाच्या अभिलेख शाखेत होत्या. मानांग म्हणजे मोठी बहीण. आमच्या पानाय बेटावर वयानं मोठ्या बाईला तिच्या नावानं नुसती हाक मारायची पद्धत नाही. वीस वर्षांत विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं गुणपत्रक त्यांच्या हाताखालून गेलं होतं. माणूस दारात उभा राहिला की चष्म्यावरून एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "कृषी शाखा, दोन हजार नऊ. रसायनशास्त्रात दोनदा नापास. बस, काढून देते." समोरचा खजील व्हायचा, पण कागद दहा मिनिटांत हातात पडायचा.

कागदोपत्री मात्र मानांग क्रिसांता 'नावाडी, दर्जा चार' होत्या.

याचंही कारण अगदी सरळ आहे. पूर्वी आमच्या विद्यापीठाचं एक मत्स्य महाविद्यालय समुद्रकाठी होतं. पुढं ते स्वतंत्र झालं. जाताना त्यांनी होड्या नेल्या, जाळी नेली, समुद्र तर त्यांच्याकडेच होता. नावाड्याचं पद तेवढं आमच्या आकृतिबंधात राहून गेलं. त्या पदावरचा माणूस निवृत्त झाला. रिक्त पद वर्षअखेरीस भरलं नाही तर व्यपगत होतं, म्हणजे मनिलाला परत जातं, आणि मनिलाला गेलेलं पद परत आलेलं आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. नेमकी त्याच वेळी अभिलेख शाखेला टंकलेखन येणाऱ्या माणसाची निकड होती. तेव्हा नावाड्याच्या पदाची जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि मिनिटाला साठ शब्दांच्या वेगानं टंकलेखन करणाऱ्या क्रिसांता माग्बानुआ नावाडी म्हणून निवडल्या गेल्या. व्यवस्था तात्पुरती आहे, यावर सर्वांचं एकमत होतं.

दर सहा महिन्यांनी त्यांचा कामगिरी अहवाल भरला जाई. नावाड्याचा छापील नमुना होता, त्यात रकाने ठरलेले. 'बुडालेले प्रवासी: शून्य. उलटलेल्या नावा: शून्य.' वीस वर्षांत चाळीस अहवाल, आणि चाळीसही वेळा शेरा 'अत्युत्कृष्ट'. इतका निष्कलंक नावाडी अख्ख्या प्रांतात नव्हता.

मग वीस वर्षांच्या निष्ठावान सेवेबद्दल सन्मानचिन्ह देण्याचा समारंभ झाला. मानांगनी एक्याऐंशी वर्षांच्या आईला नवा झगा शिवून आणलं होतं. आई गल्लीत सगळ्यांना सांगायची, माझी लेक युनिव्हर्सिटीत ऑफिसर आहे. व्यासपीठावरून नाव पुकारलं गेलं, "क्रिसांता माग्बानुआ, नावाडी." मागच्या रांगांतून हसू फुटलं. मानांगनी सन्मानचिन्ह घेतलं, फोटो काढला आणि खाली येऊन आईशेजारी बसल्या. आईनं बराच वेळ सन्मानचिन्हावरची पितळी पट्टी बोटानं चाचपली.

"तू मला कधी सांगितलं नाहीस, तुला पोहता येतं ते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पदनाम दुरुस्तीचा अर्ज घेऊन मानांग आमच्या कक्षात आल्या.

कक्षप्रमुख होते सर हेरार्दो सोलिनाप. सरांनी आयुष्यात कधी कोणाकडून पेप्सीची बाटलीसुद्धा घेतली नाही. दुपारी घरून आणलेला भात आणि तळलेली मासळी ते टेबलावरच खात, आणि खातानाही नियमपुस्तिका उघडी असे. लाचखाऊ माणसाला काहीतरी देऊन सुटता येतं. सरांसारख्या माणसापासून सुटका नसते.

"बसा मानांग," सर म्हणाले. "हे पदवर्णनपत्र. प्रत्यक्षात कुठल्या कामाला किती वेळ जातो, ते टक्क्यांत लिहा. मनात काही ठेवू नका."

मानांगनी मनात काही ठेवलं नाही. गुणपत्रकं पंचावन्न टक्के, पडताळणी वीस, जुन्या नोंदी शोधणं पंधरा, रडणाऱ्या विद्यार्थ्यांची समजूत घालणं दहा.

सरांनी बेरीज तपासली. "नौकानयन?"

"शून्य, सर."

"दोन टक्के तरी लिहा."

"वीस वर्षांत मी होडीला हातसुद्धा लावलेला नाही, सर. तेच तर सांगायला आले."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही लेखी देताय?"

"दिलंय. तुमच्या हातात आहे."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी शेजारच्या टेबलावर होतो. तो क्षण मला आठवतो, कारण सरांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं.

"मानांग," ते म्हणाले, "पद आणि माणूस जुळत नसतील तर दोनच शक्यता उरतात. एक तर पद चुकीचं, नाही तर माणूस. पद चुकीचं असू शकत नाही. पदाला मंजुरी आहे. तुम्हाला मंजुरी नाही, नुसती नियुक्ती आहे."

"मग मला अभिलेखपालाचं पद द्या. काम तेच करते मी."

"त्याला पदवी लागते."

"आत्ता आमच्याकडं जे अभिलेखपाल आहेत, त्यांना काम मी शिकवलं. त्यांच्या आधीच्यांनाही मीच."

"शिकवायला पदवी लागत नाही," सर समजुतीच्या स्वरात म्हणाले. "शिकायला लागते."

आठ दिवसांनी निष्कर्ष आला. तो मीच टंकलिखित केला. 'संदर्भाधीन कर्मचारी नियुक्तीच्या दिनांकापासून पदाची कर्तव्यं शून्य टक्के पार पाडत असल्याचं त्यांच्या स्वतःच्या निवेदनावरून निष्पन्न होत आहे. तथापि, पूर्वीचे अत्युत्कृष्ट शेरे विचारात घेऊन सहानुभूतीपूर्वक असं ठरवण्यात येत आहे की, यापुढं त्यांनी किमान एक्कावन्न टक्के वेळ नौकानयन करावं. उर्वरित वेळेत अन्य कामं करण्यास हरकत नसावी.' सहानुभूती हा शब्द सरांनी स्वतःच्या हातानं घातला होता.

आता होडी हवी होती. होडी नसताना नावाडी ठेवणं म्हणजे अनियमितता. नावाडी आधीच असल्यामुळं अनियमितता दूर करण्याचा एकच मार्ग होता. निविदा निघाली. तीन दरपत्रकं आली आणि चार महिन्यांनी ट्रकमधून एक कोरी बांका येऊन उतरली. बावीस फुटांची, दोन्ही बाजूंना बांबूचे लांब पंख, निळा रंग. नाकावर विद्यापीठाचं बोधचिन्ह.

समुद्र अठरा किलोमीटरवर आणि आमच्या कार्यक्षेत्राबाहेर. कार्यक्षेत्रातलं पाणी म्हणजे प्रशासन भवनासमोरचं तिलापिया माशांचं तळं. साठ फूट रुंद. होडी त्यात सोडली. या काठावरून सुटून ती जेमतेम वेगात यायची, तोवर तिचं नाक पलीकडच्या काठाला टेकायचं.

मानांगना वल्हवता येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्या होडीसकट गोल फिरल्या आणि नाक पुन्हा निघाल्या जागी येऊन लागलं. काठावर बागेत काम करणारे मानोंग तासियो हातातली कात्री टाकून आले. मानोंग म्हणजे मोठा भाऊ. चाळीस वर्षांचे होईपर्यंत ते समुद्रावर मासेमारी करत. आमच्याकडे ते बाग बघत, आणि अर्थातच कागदोपत्री ते पुस्तकबांधणीकार होते.

"दाय, वल्हं पाण्यात खुपसू नकोस," ते म्हणाले. दाय म्हणजे पोरी; मानांग बावन्नच्या होत्या, पण तासियो एकोणसाठचे. "भात ढवळतेस तसं ढवळू नको. पाण्याला मागं ढकल, म्हणजे तू पुढं जाशील."

"तुम्ही का नाही अर्ज केलात हो या पदाला, तेव्हा?"

"केला होता की. मुलाखतीला आलो होतो. तू बाकावर माझ्या शेजारी बसली होतीस, निळा स्कर्ट घालून."

मानांगनी वल्हवणं थांबवलं. "मग?"

"मला टायपिंग येत नव्हतं ना," तासियो म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "डावा हात जरा सैल सोड."

तीन आठवड्यांत मानांग सरळ जाऊ लागल्या. मग सरांनी फेऱ्यांची नोंदवही तपासली आणि एक गंभीर त्रुटी त्यांच्या लक्षात आली. होडी रिकामी जात होती. प्रवासी नसलेली फेरी ही फेरी नसून विहार आहे, आणि कामाच्या वेळेत विहार अनुज्ञेय नाही. नौकानयनाची टक्केवारी पुन्हा शून्यावर आली.

परिपत्रक निघालं. 'प्रशासन भवनात येणाऱ्या सर्व कर्मचारी, विद्यार्थी व अभ्यागतांनी यापुढं विद्यापीठाच्या अधिकृत जलवाहतूक सेवेचा वापर करावा. क्रमांकाचे बिल्ले काठावर मिळतील.'

लोकांनी आधी थट्टा केली. नंतर तक्रार केली. तक्रार देण्याची खिडकी प्रशासन भवनात होती, त्यामुळं तक्रार करायला होडीनं जावं लागे, आणि प्रत्येक तक्रारीगणिक जलवाहतुकीची उपयुक्तता सिद्ध होत गेली. एका फेरीत सहा माणसं. सकाळी सात वाजता रांग लागू लागली. रांगेत उकडलेली अंडी आणि केळीच्या पानातला चिकट भात विकायला बायका आल्या. प्राध्यापक मंडळी छत्र्या घेऊन उभी राहू लागली. एकदा भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख तळ्यात पडले. पाणी तीन हात असल्यामुळं ते लगेच उभेही राहिले, पण वीस वर्षांत पहिल्यांदाच नोंदवहीत 'पाण्यात पडलेले प्रवासी: एक' असं लिहावं लागलं, आणि मानांगचा शेरा अत्युत्कृष्टवरून 'समाधानकारक'वर आला.

मी रोज पहिल्या फेरीला असायचो. एकदा होडीत आम्ही दोघंच होतो.

"तोतो," मानांग वल्हवता वल्हवता म्हणाल्या. मला त्या तोतोच म्हणत. आमच्याकडे वयानं लहान पुरुष दोन पोरांचा बाप झाला तरी तोतोच राहतो. "तू कागदावर कोण आहेस रे?"

"वसतिगृहाचा स्वयंपाकी. दर्जा तीन."

"मग तू नाही कधी अर्ज केलास?"

"मला स्वयंपाक येत नाही, मानांग."

त्या खूप वेळ हसल्या. होडी थोडी वाकडी गेली. नंतर म्हणाल्या, "शहाणा आहेस," आणि होडी सरळ केली. त्या दिवशी मी जरा खाली मान घालूनच काम केलं.

इकडं अभिलेख शाखेत कागदांचा ढीग वाढत होता. अभिलेखपालांकडं पदवी होती, पण कुठली नोंदवही कुठल्या कपाटात, हे फक्त मानांगना माहीत होतं, आणि मानांग एक्कावन्न टक्के पाण्यावर होत्या. गुणपत्रकाला सहा आठवडे लागू लागले.

एका मंगळवारी मायलीन नावाची मुलगी होडीत बसली. दोन वर्षांपूर्वी इथूनच परिचारिकेचं शिक्षण संपवून गेलेली. कतारच्या इस्पितळातली नोकरी पक्की झाली होती, शुक्रवारपर्यंत शिक्क्याचं गुणपत्रक पोचलं नाही तर जागा दुसरीला. ती रडत नव्हती, नुसती पिशवीचा पट्टा पिळत होती.

"प्रवेश क्रमांक?" मानांगनी विचारलं.

तिनं सांगितला.

"आडनाव तेच आहे ना? लग्न झालं नाही? बरं. शरीररचनाशास्त्राला पुन्हा बसली होतीस तू, उन्हाळ्यात."

मुलगी बघतच राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"तेव्हाही तू असाच पट्टा पिळत होतीस."

दुसऱ्या दिवशी मानांग होडीत एक पत्र्याची पेटी घेऊन बसल्या. पेटीत कोरी गुणपत्रकं, शाईचा पॅड, शिक्का आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तीन नोंदवह्या. मायलीन परत आली तेव्हा तळ्याच्या मधोमध वल्हं मांडीवर आडवं घेऊन मानांगनी तिचं गुणपत्रक लिहिलं, फुंकर घालून शाई वाळवली आणि काठ येईपर्यंत तिच्या हातात दिलं. मुलगी उतरली आणि उतरल्यावर काय करायचं ते न सुचून तिनं मानांगचा हात उचलून कपाळाला लावला, मोठ्यांचा आशीर्वाद घेतात तसा.

त्या दिवसापासून सगळं होडीतच होऊ लागलं. सहा आठवड्यांचं काम सहा मिनिटांवर आलं. लोक पाण्यात बसून अर्ज करत आणि जमिनीवर उतरण्याआधी कागद मिळे. मी घाबरत घाबरत सरांना ही बाब कळवली. सर स्वतः काठावर येऊन तासभर उभे राहिले.

"त्या लेखनाचं काम करताहेत," मी म्हणालो.

"कुठं बसून?"

"होडीत, सर."

"मग ते नौकानयन आहे," सर म्हणाले, आणि बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना समाधानानं श्वास सोडताना पाहिलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण काम चांगलं होऊ लागलं की ते आमच्या नजरेस येतं. दुसऱ्या प्रांतातली विद्यापीठं पाहणी करायला येऊ लागली. कुलगुरूंनी अभिनव उपक्रम म्हणून प्रस्ताव पाठवला आणि सरांना आदेश दिला, की या पदाचं नव्यानं गुणांकन करा, त्या बाईंना न्याय मिळाला पाहिजे.

सरांनी न्याय अतिशय काटेकोरपणे केला. दररोज तीनशे प्रवासी: जबाबदारीचे पूर्ण गुण. विभागप्रमुखांचं पडणं: जोखमीचे पूर्ण गुण. शिक्का, नोंदवह्या, गोपनीय कागद: विश्वासाचे पूर्ण गुण. सरांनी बेरीज दोनदा केली. पद दर्जा चारमध्ये मावत नव्हतं. ते थेट पंधरात जात होतं. पगार जवळजवळ तिप्पट. पदनाम, 'जलवाहतूक अधीक्षक'.

मी धावतच काठावर गेलो आणि मानांगना बातमी दिली. त्यांनी वल्हं बाजूला ठेवलं, रुमालानं हात पुसले, मग चेहरा पुसला. "आईला सांगते," म्हणाल्या. "अधीक्षक. नीट म्हणता येईल ना तिला?"

संध्याकाळी सरांनी त्यांना बोलावलं.

"अभिनंदन, मानांग. तुमच्या कामामुळं पदाची उन्नती झाली आहे."

"तुमचे उपकार, सर."

"दर्जा पंधराला किमान अर्हता लागते. जहाजावरच्या अधिकाऱ्याचा परवाना."

मानांगनी गुणांकनाचा कागद स्वतःकडं ओढून पाहिला.

"तुमच्याकडं नाही," सर हळूच म्हणाले. "म्हणजे आता तुम्ही तुमच्या पदाला अपात्र ठरता. जाहिरात द्यावी लागेल. तुम्हीही अर्ज करू शकता, पण तो छाननीत बाद होईल. ते तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे वाईट वाटणार नाही."

"सर, हे पद इतकं मोठं केलं कोणी?"

"तुम्ही. ते टिप्पणीत स्पष्ट नोंदवलं आहे."

जाहिरातीला एकच पात्र अर्ज आला. कॅप्टन एवारिस्तो आलेगादो. तेलाची जहाजं घेऊन तीनदा पृथ्वीप्रदक्षिणा केलेला माणूस. बायकोला नवरा आता घरी हवा होता म्हणून त्यांनी अर्ज केला होता. पहिल्या दिवशी पांढरा गणवेश घालून ते काठावर आले, तळ्याकडं बघितलं, होडीकडं बघितलं आणि विचारलं, "बंदर कुठं आहे?" मी म्हणालो, "सर, हेच." चांगला माणूस. त्यांनी फक्त टोपी काढून हातात घेतली.

मानांगना वाऱ्यावर सोडणं सरांच्या स्वभावात नव्हतं. मानोंग तासियो त्याच महिन्यात साठीला निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी होती, ती वर्षअखेरीच्या आत भरणं भाग होतं. मानांग क्रिसांता 'पुस्तकबांधणीकार, दर्जा दोन' झाल्या. जिन्याखाली त्यांना एक खोली मिळाली. दोरा, सुया, खळ, आणि पुरात भिजलेली जुनी पुस्तकं.

पहिले आठ दिवस त्यांनी फक्त पुस्तकं बांधली. आठ वाजता यायच्या, पाचला जायच्या. कॅप्टन होडी अत्यंत शिस्तीत चालवत, प्रत्येक फेरीआधी प्रवाशांना बुडाल्यास काय करावं हे समजावून सांगत. पण पत्र्याच्या पेटीतल्या नोंदवह्यांतलं त्यांना काही उमगत नव्हतं. गुणपत्रकं पुन्हा थांबली. कॅप्टन स्वतः जिन्याखाली आले.

"मानांग, जरा शिकवता का मला? एका मुलाचा कागद अडलाय."

"मी पुस्तकबांधणीकार आहे, कॅप्टन. मला अनुज्ञेय नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. इतकं निर्दोष वाक्य मी आमच्या कक्षातसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता.

नवव्या दिवशी डोंगराकडच्या गावातून एक बाप आला. मुलगी इथं शिकत असताना गेली होती, तापानं. त्याला तिचं गुणपत्रक हवं होतं. नोकरीसाठी नाही, घरात ठेवायला. कोणी त्याला जिन्याखाली पाठवलं होतं. तो दारात उभा राहिला आणि त्यानं मुलीचं नाव सांगितलं.

मानांगनी चष्म्यावरून बघितलं. "गणितात पहिली होती," त्या म्हणाल्या. "दोन्ही वर्षं."

त्यांनी मला पेटी आणायला लावली. मी उगाच विचारलं, "मानांग, हे बांधणीत बसेल का?"

"सुटी पानं एकत्र बांधणं माझं काम आहे ना? चार सत्रांची चार पानं आहेत. सुटी." त्यांनी गुणपत्रक लिहिलं, शिक्का मारला आणि चारी पानं लाल दोऱ्यानं शिवून, पुठ्ठ्याची वेष्टणं लावून त्या माणसाला पुस्तकासारखी दिली. तो ते छातीशी धरून गेला.

त्यानंतर जिन्याखाली रांग लागली. विद्यापीठाची गुणपत्रकं आता सगळी शिवलेली निघतात आणि बाहेरच्या कंपन्या त्याबद्दल आमची तारीफ करतात. मी एकदा मानांगना म्हणालो, नव्यानं अर्ज करून बघा, आता बांधणीचं गुणांकन वर जाईल. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "तोतो, तू हे सरांपुढं बोललास तर मी तुला स्वयंपाक करायला लावीन." मी कोणापुढंच बोललो नाही. पगार त्यांना दर्जा दोनचा मिळतो. म्हणजे पदाला मिळतो.

मागच्या महिन्यात मनिलाहून एक तरुण तपासनीस बाई आल्या. त्यांनी कोणाला न कळवता येऊन रांगेत उभं राहायचं ठरवलं होतं. क्रमांक दोनशे चौदा. ऊन तापलं होतं. त्या दिवशी मी बाहेरच्या कामावरून उशिरा परतलो होतो आणि माझा क्रमांक दोनशे तेरा, म्हणून मी हे खात्रीनं सांगू शकतो. त्यांनी तळ्याच्या डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. दोन्ही बाजूंना गवत होतं, केळीची चार झाडं, आणि त्यांच्या पलीकडं प्रशासन भवनाच्या पायऱ्या.

"एक विचारू?" त्या मला म्हणाल्या. "काठाकाठानं चालत गेलं तर? चाळीस पावलंसुद्धा नाहीत."

पुढच्या दहा-बारा माणसांनी मागं वळून त्यांच्याकडं पाहिलं. बाईंनी गवतावर एक पाऊल टाकलं. मग हातातल्या बिल्ल्याकडं बघितलं.

"पण मग माझा नंबर जाईल का?" त्यांनी विचारलं.

"जाईल," मी म्हणालो.

त्यांनी पाऊल मागं घेतलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात हा प्रश्न पहिल्या फेरीपासून असणार, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही सगळ्यांच्या मनात होता. तरी तुम्ही मध्येच काही बोलला नाहीत, आपला नंबर धरून शेवटपर्यंत शांतपणे आलात. आमच्या नमुन्यात यासाठी 'सहकार्याची वृत्ती' असा स्वतंत्र रकाना आहे. तुम्हाला त्यात पूर्ण गुण दिले आहेत.